फाटकवाली ऑर्तांस आणि सायकलवाटेवरचे काटे

ऑर्तांस मेनार पहाटे उठून सायकलवाटेवर काटे पेरते, अशी कुजबुज होती. पेरते म्हणजे मूठमूठ पेरते, आणि तेही आपल्या घराच्या शंभर पावलं अलीकडे. म्हणजे काटा चाकात शिरायचा तिथे, आणि हवा संपायची ती नेमकी तिच्या दारातल्या बाकासमोर. मग बाई पंक्चर काढून देते, पैसे घेत नाही, पण माणसाला तासभर काही सोडत नाही. कोळी जाळं विणतो, ही काटे पेरते, एवढाच फरक.

खरं म्हणजे ‘पैसे घेत नाही’ या एका वाक्यात ही कुजबुज आडवी व्हायला हवी होती. पण आमच्या व्हर्नेलच्या लोकांना फुकट मिळणाऱ्या गोष्टीइतका संशय दुसऱ्या कशाचाच येत नाही.

ही अफवा जन्मली सपातांच्या क्लबात. गावातली पुरुषमंडळी दुपार कलली की तिथे जमतात, दारात बूट काढतात, सपाता चढवतात आणि नावेच्या तळासारख्या खोलगट पट्टीवरून चेंडू लोटतात. चेंडू एका अंगानं मुद्दाम जड केलेला असतो. तुम्ही कितीही सरळ लोटा, तो आपला वाकड्या वाटेनं, डुलतडुलत, मिनिटभरानं पोहोचतो. तेवढ्या मिनिटभरात माणसानं बोलायचं नाही तर करायचं काय? गावातल्या बहुतेक लग्नांचा, काडीमोडांचा आणि मृत्युपत्रांचा निकाल त्या एकेका मिनिटात लागलेला आहे. क्लबाच्या भिंतीवर लाकडी झडपेमागे फानी नावाच्या बाईची तसबीर असते. एकही गुण न मिळवता जो हरेल त्यानं झडप उघडायची, सगळ्यांसमोर गुडघे टेकायचे आणि फानीच्या उघड्या पार्श्वभागाचा मुका घ्यायचा. माणसं शेत गमवायला तयार होतात, पण फानीपुढे गुडघे टेकायला नाही.

तर या क्लबात तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात मार्सो बोंपा सहज म्हणाला, “काय योगायोग बघा. काल पंक्चर झालं, तर तेही अगदी ऑर्तांसच्या दारात.”

आन्सेल्म रोशारनं हातातला चेंडू खाली ठेवला. हा आन्सेल्म गावचा निवृत्त औषधवाला. दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली, पण कुणाला कसलं मलम लागायचं ते त्याला अजून तोंडपाठ आहे.

“योगायोग?” आन्सेल्म म्हणाला. “मार्सो, तू द्राक्षवाला माणूस. चांगला आहेस. पण भोळा आहेस.”

झालं. कावळा बसला होता की फांदी मोडली होती हे बघायला कुणी गेलंच नाही. चेंडू लोटला गेला होता.

ऑर्तांस कोण, हे व्हर्नेलमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. लेयों नदीच्या काठानं पूर्वी जी आगगाडी जायची, तिच्या चौदा नंबरच्या फाटकाची ती फाटकवाली. तिच्या आधी तिची आई फाटकवाली होती. आईनं सहा दहाच्या गाडीसाठी फाटक लावलं, आत जाऊन ऑर्तांसला जन्म दिला आणि सात चाळीसच्या गाडीला परत फाटकावर उभी राहिली, असं सांगतात. सहा दहाची गाडी त्या दिवशी उशिरा आली होती, असंही सांगतात. विसाव्या वर्षी फाटक ऑर्तांसकडे आलं. तिनं लग्न केलं नाही. चर्चमध्ये जाऊन ‘हो’ म्हणून परत यायला दोन गाड्यांमधला वेळ पुरत नव्हता, असं ती म्हणते. कुणी विचारलंच नाही, असं आन्सेल्म म्हणतो. आन्सेल्मनं स्वतः विचारलं होतं, असं इतर सगळे म्हणतात.

मग माणसांची गाडी बंद झाली. मग मालगाडी बंद झाली. मग एक दिवस माणसं आली आणि रूळच उचलून घेऊन गेली. फाटकाचे दांडे गेले, सिग्नल गेला. घर तेवढं ग्रामपंचायतीनं विकत घेतलं, आत ऑर्तांससकट. बारा वर्षं त्या वाटेवर ब्रॅम्बलची काटेरी जाळी माजली होती आणि ऑर्तांस तिच्याकडे तोंड करून बाकावर बसायची. गाव म्हणायचं, बाईचं डोकं गेलं, न येणाऱ्या गाडीची वाट बघते.

बारा वर्षांनी गाडी आलीच. रुळांच्या जागी पांढरी, गुळगुळीत, तीन मीटर रुंदीची वाट झाली आणि दोन्ही टोकांना मोटारींना बंदीच्या पाट्या लागल्या. एकतीस किलोमीटर. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला द्राक्षमळे, आणि चढ कुठे नाहीच, कारण आगगाडीला चढ कधी मानवला नाही. पहिल्या दिवशी पहिल्या सायकली आल्या तेव्हा त्रेसष्ट वर्षांची ऑर्तांस डोक्यावर जुनी टोपी घालून फाटकाच्या जागी उभी होती. आलेल्या डच कुटुंबानं ब्रेक दाबले.

“काही चुकलं का आमचं?” बापानं विचारलं.

“काही नाही,” ऑर्तांस म्हणाली. “उशीर झालाय तुम्हाला. बारा वर्षं. जा, वाट मोकळी आहे.”

तेव्हापासून ती तिथेच आहे. सायकलीवर बिऱ्हाड लादून नदीनदीनं फिरणारी माणसं हे तिचं खास राज्य. मागच्या चाकाचा आवाज ऐकून ती सांगते, साखळीला तेल नाही. खांदे बघून सांगते, सीट दोन बोटं वर हवी. दुपारनंतर वारा समुद्राकडून वर येतो हे तिला आईच्या वाळत घातलेल्या चादरींनी शिकवलंय, म्हणून सकाळी निघणाऱ्यांना ती खाली पाठवते आणि दुपारच्यांना वर. “वाऱ्याला पाठीवर घ्या रे राजांनो, पोटावर नाही. पोटात आधीच तुमचं जेवण आहे.” पंक्चर काढायला तिच्याकडे दोन सूप पिण्याचे चमचे आहेत. त्यांनी ती टायर असा उतरवते की लोकरीचा मोजा काढावा. ‘भोक’ हा शब्द तिला सहा भाषांत येतो. ‘पुन्हा या’ हे एकाही भाषेत येत नाही. त्या वेळी ती फाटकाची जुनी पितळी घंटा एकदा वाजवते, आणि लोक काय ते समजतात.

ऑक्टोबरात मात्र घंटा कामाला येते. आमची द्राक्षं वेलीवरच सुकू देऊन, बुरशी चढू देऊन, तीन-चार फेऱ्यांत तोडतात, तेव्हा ट्रॅक्टर दिवसभर वाट ओलांडत असतात. ऑर्तांस घंटा वाजवून ट्रॅक्टर थांबवते. सायकल नाही, ट्रॅक्टर. एकदा मार्सोचाच पुतण्या ओरडला होता, “बाई, माझी द्राक्षं सडतील इथे!”

“सडायलाच ठेवलीस ना महिनाभर? अजून दोन मिनिटं सडू दे.”

आणि वर्षातून एकदा, वेली फुलोऱ्यात असताना, ती दारावर खडूनं ‘चार दिवस’ लिहिते आणि स्वतःच्या जुन्या हिरव्या सायकलीवर निघते. लेयोंच्या काठानं लुआरला, लुआरच्या काठानं समुद्राला. तिथे मोजे काढते, घोट्यापर्यंत पाणी घेते, मोजे घालते आणि परत येते. मालगाडीपेक्षा जोरात ती कधी गेली नाही. या वाटेवर मालगाडीपेक्षा जोरात जायचा हक्क कुणालाच नाही, असं तिचं मत आहे, आणि ती ते तंग कपडे घालून झपकन जाणाऱ्यांना ओरडून सांगतेसुद्धा.

मार्सो बोंपाचं त्या बाकाशी नातं जुळलं ते त्या पंक्चरमुळे. त्या वर्षी फेब्रुवारीत त्याची बायको रोलांद गेली. मळा त्यानं पुतण्याला दिलेलाच होता. मार्चपासून हा गृहस्थ सकाळी सायकलवर बसायचा आणि वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्या टोकापासून या टोकापर्यंत जायचा, नजर पुढच्या चाकावर. बगळे उडाले, वेली फुटल्या, फुलल्या, भरल्या, याला पत्ता नाही. ऑर्तांसनं हाक मारली तर नुसतं डोकं हलवायचा. तिनं घंटा वाजवली तर वाटेच्या कडेला सरायचा, जणू मागून गाडी येतेय. आठ महिने तो कुणाशी धड चार वाक्यं बोलला नव्हता.

आणि ऑक्टोबरात त्याचं पुढचं चाक बसलं.

“चालत जाईन,” मार्सो म्हणाला.

“तीन किलोमीटर? बसा.”

तो बसला. ऑर्तांसनं चमच्यांनी टायर उतरवला, ट्यूब घमेल्यात बुडवली, बुडबुडे शोधले. कॉफी ठेवली. सांत्वनाचा एक शब्द बोलली नाही. साखरेचा डबा पुढे करताना एवढंच म्हणाली, “रोलांद कॉफीत साखर किती घ्यायची हो?”

“दोन,” मार्सो म्हणाला. मग म्हणाला, “दोन आपल्या बशीतल्या. आणि तिसरी माझ्या बशीतली चोरायची.”

आणि मग संध्याकाळची चर्चची घंटा होईपर्यंत तो बोलतच राहिला. दुसऱ्या दिवशी परत आला, पंक्चरशिवाय. तेव्हापासून रोज येतो. एवढी साधी गोष्ट. हीच त्यानं क्लबात सांगितली होती.

या वर्षीच्या मे महिन्यात मात्र गोष्ट साधी राहिली नाही. ऑर्तांसच्या घराचा कागद ग्रामपंचायत दर जूनमध्ये नवा करते. या जूनमध्ये बाहेरगावची एक मंडळी ते घर मागत होती, सायकलवाल्यांचं विश्रामगृह काढायला. आठ खाटा, न्हाणीघरं, सगळं चकचकीत. आमच्या सरपंच ब्लांदीन सेब्रों या कामाच्या बाई, दुष्ट नव्हेत. पण कामाच्या बाईला आकडा दिसला की माणूस दिसत नाही.

“मला गावगप्पांशी घेणंदेणं नाही,” त्या बैठकीत म्हणाल्या. “पण जिल्ह्याच्या कार्यालयातून पत्र आलंय. गेल्या मे महिन्यात या वाटेवर एकवीस पंक्चर झाली, आणि त्यातली अठरा चौदा नंबरच्या फाटकापाशी. याला काय म्हणायचं?”

दहा सदस्यांत पाच इकडे, पाच तिकडे झाले. अकरावा सदस्य मार्सो बोंपा. तो गप्प बसला, आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

त्या संध्याकाळी क्लबात चेंडू कमी आणि तोंडं जास्त चालली.

“मी स्वतः पाहिलंय तिला,” एक जण म्हणाला. “पहाटे सहाला. हातात टोपली, आणि टोपलीत काटेच काटे.”

“मीही पाहिलंय!” दुसरा म्हणाला.

“पहाटे सहाला तू तिथे काय करत होतास?” मार्सोनं विचारलं.

“मी? मी... फिरायला गेलो होतो.”

“आणि तू?”

“पाय मोकळे करायला.”

व्हर्नेलमध्ये आजवर कुणी पहाटे सहाला फिरायला गेलेलं नाही. पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

“मार्सो,” आन्सेल्म म्हणाला, “तुझं मत निर्णायक आहे. आणि तू रोज तिची कॉफी पितोस. तू काही म्हणालास तरी लोक म्हणणार, साखर बोलतेय. तेव्हा एक पहाट मळ्यात लपून बस आणि डोळ्यांनी बघ.”

“आणि ती काटे पेरत नसली तर?”

“तर मी फानीचा मुका घेईन. सगळ्या क्लबासमोर.”

“आणि पेरत असली तर?”

“तर तू घ्यायचास. शिवाय तीन वर्षं कुणाच्या जाळ्यात बसून कॉफी प्यायलास तेही कळेल.”

हे शेवटचं मार्सोला लागलं. रात्रभर तो कुशी बदलत राहिला. ऑर्तांसचं घर जाईल ही भीती होतीच. पण ती बाई आपल्याला फसवून बाकावर बसवते, आपल्याला आणि अठरा परक्यांना सारखंच, हा विचार जास्त बोचत होता.

बारा मेच्या पहाटे घडीचं स्टूल पाठीला अडकवून तो सायकलनं निघाला. अकराव्या किलोमीटरच्या दगडापुढे, ओढ्यावरच्या मोरीपाशी त्यानं सायकल थांबवली. फाटकाच्या दोन्ही अंगांना ऑर्तांसच्या आईनं गायी रुळांवर येऊ नयेत म्हणून लावलेलं रानआलुबुखाराचं कुंपण आहे, माणसापेक्षा उंच आणि सुईसारख्या काट्यांचं. मे महिन्यात त्याला लालसर, मऊ, कोवळे कोंब फुटतात. ते रेड वाइनमध्ये साखर आणि घरची कडक दारू घालून मुरवले की जी काट्याची वाइन होते, तिच्यासाठी आमच्याकडे माणसं सख्ख्या भावाला खोटं सांगतात. प्रत्येक घराची कोंब तोडायची जागा वेगळी, गुप्त, बापानं पोराला मरताना सांगितलेली. मोरीच्या मागची जागा बोंपांची होती. आता इथवर आलोच आहोत आणि कोंब तर अगदी भरात आहेत, म्हणून मार्सोनं खिशातून कात्री काढली, आठ-दहा फांद्या कापल्या, वाटेवर उभं राहून कोवळं कोवळं पिशवीत टाकलं आणि जून काड्या खाली. पाच मिनिटांचं काम. मग तो द्राक्षवेलींच्या ओळीत शिरला, स्टूल मांडलं आणि गुन्हेगाराची वाट बघत बसला.

सहाला दार वाजलं. ऑर्तांस बाहेर आली. एका हातात टोपली, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा झाडू.

ती वाटेनं सावकाश निघाली, झाडत झाडत. दर चार-सहा पावलांवर वाकायची, काड्या उचलायची, टोपलीत टाकायची. सुटे काटे दिसले की गुडघ्यावर बसून बोटांनी वेचायची. त्र्याहत्तर वर्षांची बाई. अकराव्या दगडापर्यंत आली, मोरीपाशी थांबली, मार्सोच्या काड्यांचा अख्खा ढीग उचलून टोपलीत घातला, आणि वेलींकडे न बघताच म्हणाली, “मार्सो, ओल्या जमिनीवर बसू नका. मूळव्याध होईल, आणि आन्सेल्मचं दुकान तर बंद झालंय.”

मार्सो स्टुलासकट उभा राहिला.

“मी... फिरायला आलो होतो.”

“हो ना. मे महिन्यात सगळं गाव फिरायला येतं.” तिनं टोपलीतली एक काडी वर धरली. “हा काप बघा. उलट्या बाजूला तिरपा. डावखुऱ्या माणसाच्या कात्रीचा. व्हर्नेलमध्ये डावखुरा एकच.”

मार्सोनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. कात्री अजून हातातच होती.

“आणि ही सुरीनं करवतल्यासारखी. घरातली पाव कापायची सुरी, मळा नसलेल्या, दुकानात जन्म काढलेल्या माणसाची. ही कुणाची ते तुम्हाला सांगायला नको.”

“आन्सेल्म!”

“मी नाव घेतलं नाही.”

मार्सो खाली बसला, ओल्यातच. एकवीस पंक्चर. एकतीस उंबऱ्यांचं गाव, एकतीस गुप्त जागा, एकतीस माणसं पहाटे वाटेवर उभी राहून काट्यांच्या काड्या पायाशी टाकतात आणि घरी जातात. आपण टाकली ती काडी, दुसऱ्यानं टाकला तो काटा.

“तुम्ही सगळं वेचता?”

“उजाडल्यापासून साडेसातपर्यंत जेवढं होतं तेवढं. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. एखादा राहतो. तो सापडतो चाकाला.”

“मग सांगितलं का नाही? घर जाईल तुमचं! बैठकीत एक शब्द बोलला असतात तर...”

“तर जागा सांगाव्या लागल्या असत्या.” ऑर्तांसनं झाडूवर हनुवटी टेकवली. “मार्सो, मी फाटकवाली. पहाटेच्या गाडीला फाटक लावताना कोण कुणाच्या दारातून निघून शेतातून घरी जातंय, हे मी तीस वर्षं बघितलंय. ते बोलले असते तर या गावात निम्मी लग्नं उरली नसती. काट्यांचं काय घेऊन बसलात!”

एवढं बोलून ती पुढच्या ढिगाकडे गेली. मार्सोनं स्टूल मिटलं, झाडू तिच्या हातातून घेतला आणि साडेसातपर्यंत वाट झाडली. आयुष्यात त्यानं स्वतःचं अंगणसुद्धा कधी झाडलं नव्हतं, हे रोलांद असती तर तिनं सगळ्यांना सांगितलं असतं.

जूनच्या बैठकीला मार्सो टोपली घेऊन गेला. महिनाभराच्या काड्या होत्या तीत. सरपंचांच्या कागदांवरच त्यानं ती पालथी केली.

“हे काय, मस्यू बोंपा?”

“एकवीस पंक्चर, मादाम.”

मग त्यानं अख्ख्या जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. उभा राहून, टोपी हातात धरून, चार पिढ्यांची जागा उघडी केली: अकरावा दगड, ओढ्याची मोरी, तिच्या मागची पाच झुडपं. “बोंपांची जागा. माझ्या आज्यानं माझ्या बापाला दाखवली. या डावखुऱ्या कापाच्या काड्या माझ्या. मी त्या वाटेवर टाकल्या. बारा मेला टाकल्या, ऑर्तांसवर पाळत ठेवायला जाताना. आता उरलेल्या ज्याच्या त्यानं ओळखा.”

एक सदस्य पुढे वाकला आणि मागे सरला. दुसऱ्याचे कान लाल झाले. सरपंचबाईंनी एक काडी उचलली. तिच्या टोकाला दोरीची गाठ होती, फांदी ओढून धरायला बांधतात तशी, दुहेरी, मागून पीळ दिलेली.

“ही आईची गाठ आहे,” ब्लांदीन सेब्रों हळूच म्हणाल्या. “आई सत्याऐंशी वर्षांची आहे. ती म्हणते ती बागेतले कोंब तोडते.”

“तुमच्या बागेत रानआलुबुखार नाही, मादाम.”

“नाही,” त्या म्हणाल्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेली ती अकरा माणसं एकमेकांकडे बघू लागली, आणि कुणीतरी हसलं. विश्रामगृहाच्या मंडळींना जुनी शाळा द्यायचं ठरलं. चौदा नंबरचं घर ऑर्तांस मेनारकडे, ती जिवंत असेपर्यंत. अकरा हात वर. शिवाय ठराव झाला की मे महिन्यात प्रत्येक उंबऱ्यानं आपल्या काड्या घरी न्याव्यात. ठरावात जागांचा उल्लेख नाही. इतिवृत्तात मार्सोची मोरीही लिहिली नाही, ही सरपंचबाईंची मोठेपणाची गोष्ट. अर्थात पुढच्या मे महिन्यात मोरीपाशी सात माणसं फिरायला येतील, हे मार्सो ओळखून आहे.

क्लबात आन्सेल्मनं झडप उघडली.

“गुडघे दुखतात माझे,” तो म्हणाला.

“मलम लाव,” सगळे एकसुरात म्हणाले.

त्यानं गुडघे टेकले, मुका घेतला, उठताना टेबलाचा आधार घेतला. सपाता झटकल्या, आणि वकिलासारखा बोट वर करून वळला. “एक प्रश्न मात्र राहतोच. मेचं पटलं. पण मार्सोचं पहिलं पंक्चर ऑक्टोबरातलं. ऑक्टोबरात कोंब कोण तोडतं?”

“तारेचा तुकडा असेल,” मार्सो म्हणाला. “मळ्यातला.”

“तुकडा पाहिलास?”

“चेंडू लोट, आन्सेल्म.”

पण चेंडू वाकड्या वाटेनं का होईना, पोहोचतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मार्सो बाकावर बसला. वेली फुलल्या होत्या, हवेत तो अगदी फिका, गोडसर वास होता. दारावर खडूनं ‘चार दिवस’ लिहिलेलं होतं आणि हिरव्या सायकलीला पिशव्या लागल्या होत्या. ऑर्तांस निघायच्या आधी चाकांत हवा भरत होती.

“ऑर्तांस,” तो म्हणाला, “ऑक्टोबरात कुणीच फांद्या कापत नाही.”

“नाही.”

“तुम्ही ट्यूबमधून जे काढलंत ते मला दाखवलं नव्हतं.”

“नव्हतं दाखवलं.” तिनं पंप काढला, व्हॉल्व्हला टोपण लावलं. “आठ महिने. हाका मारून झाल्या, घंटा वाजवून झाली. तुम्ही आपले चाकाकडे बघत जात होता. म्हटलं, चाकच थांबवू.”

मार्सोनं आपल्या कॉफीच्या बशीतली साखरेची वडी उचलली आणि तिच्या बशीत ठेवली.

“समुद्रापर्यंत किती दिवस म्हणालात?”

“दोन जायला, दोन यायला. मालगाडीच्या वेगानं.”

“मी मालगाडीपेक्षा हळू जातो.”

“मग खडू घ्या,” ऑर्तांस म्हणाली, “आणि चारचे पाच करा.”

त्यानं केले.

अफवेतलं खरं एवढंच: ऑर्तांस मेनारनं सायकलवाटेवर काटा टाकला होता. एकदा, एकच, मार्सो बोंपाच्या पुढच्या चाकाखाली.